लाल गाडीचा काटा आणि डोमा गजभिये

डोमा गजभिये पेट्रोल पितो, हे तुमसरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रोज सकाळी, उपाशीपोटी, एक कप.

ही बातमी भैयाजींच्या राइस मिलचा चौकीदार बाबूलाल पुरवायचा. सांगण्याआधी तो डावीकडं पाहायचा, उजवीकडं पाहायचा, आणि आवाज इतका खाली उतरवायचा की ऐकणाऱ्याला त्याच्या मिशीला कान लावावा लागायचा. "म्या सोताच्या डोऱ्यानं पाह्यलं. गुडघ्यावर बसते. मुंडकं गाडीच्या बुडाखाली घालते. आन मंग... चुर्रर्र!" हा चुर्रर्र तो बशीतला गरम चहा ओढावा तसा ओढायचा, डोळे मिटून. "आन भाईर आला का खांद्यावरल्या दुपट्ट्यानं तोंड पुसते. कोरडं तोंड कोनी पुसते का, बाप्पा?"

बाजारात पोचेपर्यंत बातमीला हातपाय फुटले. मासे विकणारी जनाबाई म्हणायची, "तरीच म्हनलं, या मानसाले पुसाच्या महिन्यातही थंडी काहून नाही वाजत!" डोमा येताना दिसला की पानठेलेवाला बिडीसाठी टांगलेली जळती सुतळी आधी विझवायचा. एकानं तर शपथ घेऊन सांगितलं, की डोमा शिंकला तेव्हा शेजारचा कंदील भडकून वीतभर वर गेला.

आता खरं काय ते सांगते. डोमानं जन्मात पेट्रोल प्यायलं नाही. नळीनं ओढताना दोनदा तोंडात आलं, दोन्ही वेळा तो थुंकला आणि दिवसभर चिंच चघळत बसला. गाडीच्या बुडाखाली मुंडकं घालायचा, हे मात्र खरं होतं. तिथं तो टाकीला कान लावायचा. आणि तोंड पुसायचा, कारण बुडाखाली धूळ असते.

गाडी भैयाजींची. भैयाजी म्हणजे मिलचे मालक. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. पंच्याहत्तर साली ते मिलच्या इंजिनाचा पट्टा आणायला नागपूरला गेले आणि पट्टा सोडून गाडी घेऊन आले. लालभडक, विलायती, वीस वर्षं जुनी, दोनच माणसांची. छत कापडाचं. इतकी बुटकी की आत बसलेल्या माणसाचं बूड आणि डांबर यांच्यात चार बोटांचं अंतर. सुसाट धावायची, आणि आवाज असा करायची की रस्त्यातले बैल बंडी घेऊन शेताच्या धुऱ्यावर चढायचे. पहिल्या दिवशी ती मिलच्या आवारात उभी राहिली तेव्हा धान वाळवणारी एक म्हातारी सूप तसंच हातात धरून तिच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "लहान हाय अजून. मोठी झाल्यावर केवढी होईल वं माय!"

गाडीत सगळं ठीक होतं. फक्त पेट्रोलचा काटा पक्का थापाड्या होता. डाव्या वळणावर टाकी भरलेली दाखवायचा, उजव्या वळणावर रिकामी. गचका बसला की थरथरायचा आणि सरळ रस्ता लागला की काहीच झालं नाही अशा थाटात अर्ध्यावर येऊन बसायचा. त्याला अर्धं फार आवडायचं. आणि भैयाजींचा त्या काट्यावर देवावर असावा तसा विश्वास. "विलायती मशीन हाय, डोमा. ते खोटं बोलत नसते."

डोमा हा त्या गाडीचा ड्रायव्हर. त्याचा जन्म चिखल्याचा. चिखला म्हणजे मँगनीजची खाण, खाणीची कॉलनी, आणि कपड्यांवर, भांड्यांवर, शिजत्या भातावर बसणारी काळी पूड. आई पंचफुला वर दगड निवडायची. बाप तेजराम खाली जायचा. तेजरामचं काम छत ठोकायचं. पाळी सुरू होण्याआधी तो हातात लोखंडी सब्बल घेऊन एकटा पुढं जायचा, डोक्यावरचा खडक ठोकायचा आणि ऐकायचा. खडक "ठण्ण" बोलला तर पक्का. "भद्द" बोलला तर आत पोकळी धरली आहे, तिथं उभं राहायचं नाही. तेजराम "बसा" म्हणाला की चाळीस माणसं त्या खडकाखाली बसून डबे उघडायची. तो "हटा" म्हणाला की टोपीवाला साहेबसुद्धा आधी हटायचा, मग कारण विचारायचा. छप्पन सालच्या दसऱ्याला तेजराम नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. त्याच्या गावात त्याला अजून विहिरीच्या ओट्यावर पाय ठेवू देत नव्हते. इथं खाली मात्र सगळ्या जातींची माणसं त्याच्या एका शब्दाखाली जीव ठेवून जेवत होती. डोमा हे पाहत मोठा झाला. बाप त्याला म्हणायचा, "माहा शबूद एकडाव खोटा निंगाला का मंग कोनी माह्या मांग येनार नाही, लेका."

डोमा खाली गेला नाही. ट्रकवर गेला. खाणीचा माल वाहणारे ट्रकवाले काट्याकडं ढुंकूनही पाहत नसत. टाकीत बांबूची कामटी बुडवायची, ओली किती झाली ते पाहायचं, निघायचं. लाल गाडी हातात आल्यावर डोमानं पहिल्याच दिवशी कामटी काढली. पण या विलायती बाईच्या गळ्याला बाक होता. कामटी वीतभर जायची आणि अडायची. आता कळणार कसं?

त्याच हिवाळ्यात भैयाजी आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई डोमाशेजारच्या एकाच सीटवर दाटीनं बसून सानगडीला लग्नाला निघाले. काटा अर्ध्यावर. डोमाच्या मनाला पटेना. तेजराम तेव्हा लेकाकडं चार दिवस आला होता. डोमा त्याला म्हणाला, "बाबा, तुम्हीच पाहा बरं ठोकून."

तेजरामनं धोतर सावरलं, गाडीखाली शिरला आणि बोटाच्या पेरानं टाकी ठोकली. ठण्ण! असा स्वच्छ, असा खणखणीत आवाज त्यानं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. चेहरा फुलला. "पक्की हाय! जा बिनधास्त."

गाडी साकोलीच्या बऱ्याच अलीकडं धानाच्या बांध्यांमध्ये मेली. भैयाजी आणि सुशीलाबाई तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, बंडीत बसून सानगडीला पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि सुशीलाबाईंच्या शालूतून वऱ्हाड्यांनी दोन ओंजळी तणस काढलं. डोमा गाडीपाशी एकटा बसला होता. रिकाम्या टाकीवर बोटं वाजवत होता. ठण्ण. ठण्ण. आणि एकदम त्याच्या अंगावर काटा आला. बापाचा कान चुकला नव्हता. खडक पोकळ नसला की ठण्ण बोलतो; टाकी पोकळ असली की ठण्ण बोलते! उभा जन्म ठण्ण म्हणजे चांगलं ऐकलेल्या माणसानं कोरडी टाकी पास करून टाकली होती.

डोमानं हे तेजरामला सांगितलं. पुढचे दोन दिवस तो जेवायच्या आधी ताटसुद्धा ठोकून पाहत होता.

डोमानं मात्र त्यातून धडा घेतला. रोज सकाळी गाडीखाली शिरायचं आणि टाकीची बाजू खालून वर ठोकत जायची. भद्द, भद्द, भद्द... ठण्ण. जिथं आवाज फिरला तिथवर पेट्रोल. किती बोटं भद्द म्हणजे किती कोस, हे त्यानं दोन वर्षं ठोकून, चालवून, मोजून पक्कं केलं. काट्याकडं पाहणं त्यानं सोडूनच दिलं. समोर असूनही तो काटा त्याला दिसेनासा झाला, आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण भैयाजी दुसरं काही पाहतच नव्हते.

मिलच्या आवारात धानाचा ओटा होता. त्यावर बंड्या नेता याव्यात म्हणून मातीचा चढ केला होता आणि अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात चढावर टिनाचं छप्पर घातलं होतं. आवारात आडोसा तेवढाच, म्हणून तेव्हापासून गाडी रात्री तिथं उभी राहायची, नाक वर आणि बूड खाली करून. भैयाजी संध्याकाळी बाहेर सपाट रस्त्यावर उतरायचे. उतरताना काट्याकडं बघून मोठ्यानं म्हणायचे, "अर्धी." सकाळी चढावर येऊन गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, आणि काटा तळाला टेकलेला. मग आमचे बाबा, म्हणजे मिलचे मुनीम लक्ष्मणराव, डब्यातून दोन लिटर पेट्रोल ओतायचे. गाडी चढावरून खाली यायची, काटा वर चढायचा. चढणारच, आत्ताच पेट्रोल ओतलं ना!

पहिले काही दिवस भैयाजी नुसतं "हं" म्हणाले. मग म्हणाले, "डोमा, गाडी रातच्याले फिरते का रे?" डोमाला वाटलं थट्टा आहे. तो हसला. ते हसणं भैयाजींना लागलं. त्यात बाबूलालचा चुर्रर्र त्यांच्या कानावर गेला. भैयाजी शिकलेले गृहस्थ होते. माणूस पेट्रोल पितो यावर त्यांचा विश्वास नव्हता. माणूस पेट्रोल काढून विकतो यावर मात्र लगेच बसला.

एकोणऐंशीच्या जानेवारीत एका संध्याकाळी त्यांनी बाजारातून पितळी कुलूप आणलं. टाकीच्या झाकणाला साखळी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. हे सगळं डोमाच्या समोर. डोमा गाडी पुसत होता. फडकं हातात तसंच राहिलं. घरी जाऊन तो न जेवता बसला तेव्हा पार्वताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं, "काय झालं?"

"कुलूप लावलं."

"कोनाले?"

"मले," डोमा म्हणाला.

पार्वताबाईच्या हातातली पळी भातात राहिली. चोर म्हणून भैयाजींच्या मिलवरून निघालेल्या ड्रायव्हरला तुमसर-भंडाऱ्यात कोणी स्टेअरिंगला हात लावू देणार नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. आणि चिखल्याला तेजरामच्या कानावर हे जाईल, ते तर तिनं मनातही आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सगळे हजर. हमाल, धान पाखडणाऱ्या बाया, बाबूलाल, बाबा, आणि बाबांच्या मागं मी. कुलूप जसंच्या तसं. भैयाजींनी ओढून पाहिलं, साखळी मोजल्यासारखी चाचपली. मग ऐटीत गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

काटा तळाला.

"आं?" भैयाजी म्हणाले. बोटानं काच ठोकली. काटा हलला नाही. "आं? आं!"

"कुलपातून!" बाबूलाल किंचाळला आणि दोन पावलं मागं सरला. "कुलपातून पेला! हे मानसाचं काम नोहे!"

एका बाईनं डोमाकडं पाहून पदर तोंडावर ओढला. हमालांपैकी एकानं हात जोडले. कोणाला, ते त्यालाही माहीत नसावं. भैयाजी गाडीतून उतरायचंच विसरले. त्यांच्या तोंडावर राग यायला हवा होता, पण तिथं आधी भीती आली आणि रागाला जागाच उरली नाही.

डोमा गाडीखाली शिरला. भद्द... ठण्ण. फारच खाली ठण्ण. बाहेर आला, सवयीनं तोंड पुसलं, आणि जमलेले सगळे एक पाऊल आणखी मागं गेले.

"भैयाजी, काल सांजच्याले जेवढं होतं तेवढंच हाय, जी. एक थेंब हाललं नाही."

"काटा तळाले हाय!"

"काट्याचं मले नाही मालूम. टाकी म्हनते, तेवढंच हाय."

"टाकी म्हनते? मले तं नाही बोलली आजवर!" भैयाजींना राग सापडला. "काम सोड, डोमा. आन जाय."

डोमा गेला नाही. गेला असता तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि आजही तुमसर त्याला चोर म्हणालं असतं. तो म्हणाला, "आज डबा ओतू नका, जी. कुलूप तसंच राहू द्या. तुमी बसा गाडीत. इथून निंगाली का गोबरवाहीचं रेल्वे फाटक येते ना, त्याच्या जराशी अलीकडं मरेल गाडी. वाटेत आंधी कोठी मरनार नाही, आन फाटक ओलांडनार नाही."

"आन ओलांडलं तं? नाहीतं आवारातच मेली तं?"

"तं मी चोर. चिखल्याले जाऊन माह्या बापाले तुमीच सांगा."

तुमसर ते गोबरवाही म्हणजे पाच-सहा कोस. काटा तळाला असताना! भैयाजींना साक्षीदार पाहिजे होता. बाबा त्या गाडीत मावण्यासारखे नव्हते, म्हणून सीटांच्या मागच्या फळीवर, जिथं साहेब लोक छत्री ठेवत असतील, तिथं मला कोंबलं. मी तेव्हा नववीत होते आणि दोन्ही गुडघे कानांना लावून बसल्यामुळं सगळं मला नीट ऐकू आलं.

गाडी चालू झाली, हीच पहिली थप्पड. चढावरून मागं उतरून ती सपाट रस्त्यावर आली. आणि काटा हलला. तळातून उठला, सरसर सरकला आणि अर्ध्यावर जाऊन बसला. डबा ओतला नव्हता. कुलूप उघडलं नव्हतं. मागून बाबूलालचा आवाज आला, "वापस ओकला! टाकीत वापस ओकला!"

भैयाजींनी डोळे चोळले. मग डोमाकडं वळले आणि दात आवळून म्हणाले, "म्हंजे लपवून ठेवलं होतं तुनं. कोठी नळी बसवली हायेस, सांग."

पण डोमाला त्यांचं बोलणं ऐकूच आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो काट्याकडं पाहत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या. काटा खरा असेल तर टाकी अर्धी आहे. टाकी अर्धी असेल तर गाडी फाटक ओलांडून चिखल्याच्या खाणीपर्यंत जाईल आणि परतही येईल. मग कान खोटा, आणि ज्यानं कानाला शिकवलं तो बापही खोटा. आयुष्यभर गाडी बंद पडू नये म्हणून जपणारा हा माणूस त्या सकाळी गाडी बंद पडावी म्हणून झुरायला लागला.

आणि मी, फळीवर, काटा अर्ध्यावर पाहून, कोणी विचारलं नसताना बोलले, "अर्धी टाकी हाय डोमाकाका! फाटक काय, नदी ओलांडते आता!"

"नाही ओलांडत, बाई." तो पुटपुटला.

"लावता पैज?"

"लाव. तू हारली तं?"

"गाडी ढकलीन!"

"अशी नाही. ढकलतानी इंजनाचा आवाज बी काढशील. गेरासकट. मिलमंदी दिसभर काढून राहतेस ना." त्याचा आवाज कोरडा होता. थट्टा सुचावी अशी ती वेळ नव्हती; तोंडाला काहीतरी काम हवं म्हणून तो बोलत होता.

"लागली," मी म्हणाले.

अर्ध्या वाटेवर इंजिन पहिल्यांदा खोकलं. डोमाचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला, कारण गाडी पुन्हा धावायला लागली. अजून फाटक दूर होतं. इथं मेली असती तरी तो चोरच होता. भैयाजी एकदा काट्याकडं, एकदा रस्त्याकडं पाहत होते. काटा अर्ध्यावर आरामात बसलेला. सागाची झाडं मागं गेली. गोबरवाहीची पहिली घरं दिसली. मग दूर फाटक दिसलं, आणि ते उघडं होतं.

फाटक बंद असतं तर थांबायला निमित्त होतं. उघडं पाहून डोमानं एकदाच डोळे मिटले.

तेवढ्यात इंजिन दोनदा गचकलं, एकदा उचकी दिली आणि गप झालं. एकदम इतकी शांतता, की चाकाखालची खडी मोजता यावी. पण गाडी थांबली नाही. वेगात होती ना! घरंगळत फाटकाकडं निघाली. पन्नास हात. चाळीस.

"ब्रेक दाबशील!" भैयाजी ओरडले. "थांबवशील मुद्दाम!"

डोमानं दोन्ही पाय वर घेतले. गुडघे छातीशी आवळून तो स्टेअरिंगमागं पाटावर बसल्यासारखा बसला. "पाहा, जी. पाय इथं हायेत."

रूळ उंचावर होते. फाटकाआधी रस्ता चढत जायचा. गाडीनं नाक वर केलं. आणि त्या चढावर, आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर, काटा अर्ध्यावरून घसरायला लागला. खाली, अजून खाली, तळाला. गाडीसुद्धा मंदावली. वीस हात. दहा. फाटकवाला झेंडी काखेत धरून पाहत राहिला. एक बैलबंडी मावेल एवढी जागा उरली, आणि गाडी थांबली. क्षणभर तिथं टांगल्यासारखी राहिली, मग मागं सरकायला लागली. आता डोमानं पाय खाली टाकला आणि ब्रेक दाबला, पण तोवर ती सपाटीवर आली होती. आणि काटा? पुन्हा अर्ध्यावर.

भैयाजी उतरले. करदोड्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. झाकण उघडून आत डोकावले, नाक लावलं. मग माझ्या देखत, फाटकवाल्याच्या देखत, तुमसरातल्या सगळ्यांत मोठ्या मिलचे मालक रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली शिरले. खालून वर, पेरानं. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. भद्द कुठंच नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर माती होती. कोरड्या टाकीवर अर्धं दाखवणारा काटा त्यांनी पाहिला. मग फाटकाचा चढ पाहिला. चढावर उभी केली की तळाला, सपाटीवर आणली की अर्धी: रोजची संध्याकाळ आणि रोजची सकाळ त्यांच्या डोक्यात एकमेकींवर आपटत असणार. शेवटी म्हणाले, "डोमा, ते कुलूप काढून टाक रे. बरं नाही दिसत गाडीले."

डोमानं कपाळ स्टेअरिंगवर टेकवलं होतं आणि खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, ते पाठीमागून कळेना. मग त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"उतर, बाई."

फाटकापलीकडं चहाचं दुकान होतं. तिथं गाडी लावून तुमसरच्या बसला हात दाखवायचा आणि पेट्रोल मागवायचं, असं ठरलं. मी मागं जाऊन खांदा लावला. गाडी तसूभर हलेना. इतक्यात शेजारी धापेचा आवाज आला. भैयाजींनी कोट काढून सीटवर टाकला होता आणि लाल पत्र्याला दोन्ही हात लावले होते. स्टेअरिंगवर डोमा ताठ बसला, नजर समोर, जसा खऱ्या गाडीत बसतो तसा.

"चालू कर," तो म्हणाला.

मी सुरू केलं. खर्रर्र, खुक्, खर्रर्र, घुंऽऽऽ. भैयाजी माझ्या कानाशी फुसफुसत होते, पण एकदाही "बंद कर" म्हणाले नाहीत. फाटकवाल्यानं काखेतली झेंडी काढली आणि हिरवी दाखवली. चढ सुरू झाला, माझा श्वास संपत आला आणि आवाज पातळ झाला. डोमानं मागं न पाहता गेरचा दांडा खटकन ओढला.

"चढावर दुसरा नाही चालत, बाई. पयल्यावर घे."

मी पयल्यावर घेतली.